बसल्या जागी गरम

हॉटेलात जेवायला जायचं तर आमच्या घरी पूर्वी कारण लागायचं. संध्याकाळी सातला गॅस संपला आणि शेजाऱ्यांचा जादा सिलिंडर आधीच कुणी तरी नेलेला निघाला, तर ते कारण. इस्पितळात कुणाला भेटून यायला उशीर झाला, तर तेही चालायचं. सासूबाई होत्या तोवर नुसतं कारण पुरत नसे, मंजुरीही लागे. ‘घरात काय कमी आहे का?’ या त्यांच्या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे ती बहुधा मिळत नसे.

आता विचारणारं कुणी नाही. पण सवय जात नाही, म्हणून आम्ही अजून कारण शोधतो आणि ते न सापडल्याने घरीच जेवतो. शेवटी बंगळुरूहून लेकीनेच फोन केला. ‘शनिवारी रात्री आठचं टेबल बुक केलंय तुमच्या दोघांसाठी. नाही म्हणायचं नाही. आणि आई, पर्समध्ये डबा नेऊ नकोस. उरलेलं तेच बांधून देतात.’

हॉटेल लांब नव्हतं. इथेच, लालबहादूर शास्त्री मार्गावर. मुलुंडची जुनी माणसं त्याला अजून आग्रा रोड म्हणतात. एकेकाळी घाटकोपरपासून चेकनाक्यापर्यंत या रस्त्याला कारखान्यांची रांग होती. कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्हज, भांडुपला एशियन पेंट्स आणि सिएट, मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडास. भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. या पट्ट्यात बाहेर जेवणं म्हणजे एक तर कारखान्याचं कॅन्टीन, नाही तर नाक्यावरच्या उडप्याकडची राईस प्लेट. त्याहून चैन करायची तर ‘मुंबईत’ जायचं. आम्ही उपनगरातली माणसं मुंबईत राहून मुंबईत जाऊन येत असू. फोर्टात जेवायचं, आणि ते पोटात असतानाच धावत शेवटची धीमी लोकल पकडायची.

मग बरेचसे कारखाने गेले, टॉवर आले, टॉवरच्या पायथ्याशी मॉल आले, आणि मुंबई स्वतःच उठून आमच्याकडे आली. आता लेकीने टेबल बुक केलेलं ते हॉटेल आतून कसं असावं? भिंतींच्या विटा उघड्या, गिलावा नाही. छताखाली मोठाले लोखंडी पाईप. साखळीला टांगलेले दिवे. खुर्च्यांचे पाय वेल्डिंग केलेले. म्हणजे खरा कारखाना पाडायचा आणि त्या जागी कारखान्यासारखं दिसणारं हॉटेल बांधायचं. ‘इथे काम करणाऱ्याला इथे जेवता आलं नसतं,’ हे म्हणाले आणि खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघितली.

ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. हे वैधमापन खात्यातून निवृत्त झाले. लोक त्याला वजनमापं खातं म्हणतात. दुकानदारांचे तराजू, दूधवाल्यांची लिटरची मापं, पेट्रोल पंप, रिक्षांचे मीटर आणि पाकिटांवर छापलेली एमआरपी यांत ह्यांचं आयुष्य गेलं. खातं सुटलं, तपासणी सुटली नाही. घरी आलेल्या मिठाईचं वजन खोक्यासकट केलं की खोका वेगळा काढून, असं हे आधी विचारतात, सण कुठला ते नंतर. अशा माणसाला घेऊन महागड्या हॉटेलात जाणं म्हणजे करमणुकीचा वेगळा खर्च करावा लागत नाही.

पहिली ठिणगी पाण्यावरून पडली. आम्ही टेकतो न टेकतो तोच काळ्या ॲप्रनमधला एक चुणचुणीत मुलगा वाकून म्हणाला, ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ हे म्हणाले, ‘पिण्याचं.’ तो गोंधळला. मी मधे पडून ‘रेग्युलर वॉटर’ म्हटलं. मुंबईच्या हॉटेलांत साध्या पाण्याला याच नावाने हाक मारावी लागते. तो आनंदाने गेला आणि बाटलीची किंमत बघायला ह्यांनी मेनू उघडला. बाहेर ज्या भावाला मिळते त्याच्या कित्येक पट.

‘एमआरपीपेक्षा जास्त,’ मी म्हटलं. मला वाटलं, आता पंचनामा होणार. पण हे हळहळत म्हणाले, ‘नाही गं. ती केस आपण हरलो.’

मग पाणी येईपर्यंत मला ती केस ऐकावी लागली. हॉटेलांनी बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकावं की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि १२ डिसेंबर २०१७ रोजी न्यायालयाने हॉटेलांच्या बाजूने निकाल दिला. नुसती पाण्याची बाटली घ्यायला कुणी हॉटेलात जात नाही. माणूस तिथे बसायला, वातावरणाचा आनंद घ्यायला जातो. त्यामुळे ही दुकानातल्यासारखी साधी विक्री नव्हे, असा तो युक्तिवाद. खात्यातल्या मंडळींना तेव्हा फार वाईट वाटलं होतं म्हणे. मला मात्र तो युक्तिवाद ऐकताक्षणी पटला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे की माणूस हॉटेलात बसायला जातो. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं असतं तर!

मेनू हा प्रकार वाचायचा होता, पण दिव्यांना ते मान्य नव्हतं. प्रकाश असा मंद की समोरचा माणूस दहा वर्षांनी तरुण दिसावा आणि हातातलं अक्षर मुळीच दिसू नये. आसपासच्या टेबलांवर आमच्या वयाची सगळी जोडपी मोबाईलचा टॉर्च लावून बसली होती. किमतींपुढे रुपयाचं चिन्ह नव्हतं, मागे दोन शून्यं नव्हती. नुसता आकडा, तोही लाजत कडेला उभा. ही लाज ठरवून आणलेली असते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये एका उपाहारगृहात हे करून पाहिलं. काही गिऱ्हाइकांना डॉलरच्या चिन्हासकट किंमत दाखवली, काहींना अक्षरी, काहींना नुसता आकडा. नुसता आकडा पाहणाऱ्यांनी जास्त खर्च केला. पैशाची आठवण करून दिली नाही की माणूस पैसे सोडतो. अर्थात त्या संशोधकांना आमचे हे भेटलेले नव्हते. हे मेनू उजवीकडून डावीकडे वाचतात. आधी आकडा, तो सोसला तर पदार्थाचं नाव, आणि नावही सोसलं तरच त्याखालचं वर्णन.

वर्णनंही वाचण्यासारखी होती. बुराटा नावाचं एक चीज होतं. ते इटलीतल्या पुलिया प्रांताचं. बाहेरून घट्ट पिशवी आणि आत साय. ‘ट्रफल ऑइल’ शिंपडलेले बटाटे होते. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी, सोन्याच्या भावाने जाणारी अळंबी. पण बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलात तिचा वास प्रयोगशाळेतून आलेला असतो, अळंबीने त्या तेलाचं तोंडही पाहिलेलं नसतं. हे कुठेसं वाचलेलं मी सांगितलं मात्र, ह्यांचा हात खिशाकडे गेला. पूर्वी तिथे ओळखपत्र असायचं.

एका पानावर आपला वडापाव भेटला. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं म्हणतात. धावत्या माणसाला एका हातात धरून खाता यावा एवढीच त्याची अपेक्षा होती. इथे त्याचा वडा एकीकडे, पाव दुसरीकडे, आणि लसणाची चटणी बशीवर ब्रशने ओढलेली. म्हणजे गिऱ्हाइकाने आठशे रुपये देऊन तो स्वतः जुळवायचा.

पण ह्यांनी बोट ठेवलेली जागा वेगळीच होती. ‘नाचणीचा टाको, भाजलेला लाल भोपळा, ठेच्याचं लोणी.’ हे संगमेश्वर तालुक्यातले. लहानपणी तिन्ही त्रिकाळ नाचणीची भाकरी खाल्लेली. गव्हाची पोळी सणाला. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं आणि गरिबाघरची नाचणी बघता बघता काट्याचमच्याने खाल्ली जाऊ लागली. हे बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. ‘हिच्यापासून सुटावं म्हणून मी शिकलो,’ म्हणाले, आणि तोच मागवला.

त्या मुलाने पदार्थ आणले. एक हात पाठीमागे घेऊन त्याने प्रत्येकाची ओळख करून दिली: हे काय आहे, कशात मुरवलं आहे, कुठून सुरुवात करावी. आम्ही दोघं शाळेतल्यासारखे हात मांडीवर ठेवून ऐकत होतो. तो गेल्यावर ह्यांनी बुराट्याची बशी अलगद उचलून तोलली. ‘चीज सव्वाशे ग्रॅम. बाकी पाला.’ हा अंदाज खरा असणार. ह्यांचा हात पाच-दहा ग्रॅमच्या पलीकडे चुकत नाही.

आणि तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझ्यासमोरच्या बटाट्यांच्या बशीतून वाफ येत होती. ह्यांच्याही बशीतून येत होती. एकाच वेळी. आणि मी बसलेली होते.

बायकांना हे वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. तव्यावरची पोळी गरम असते तेव्हा मी उभी असते, आणि मी बसते तेव्हा पोळी गार झालेली असते. गरम आणि बसून या दोन्ही गोष्टी आयुष्यात एकत्र आल्याचे प्रसंग मला आठवावे लागतात. ह्यांचा यात दोष नाही. ‘तू पण बस ना’ असं हे रोज म्हणतात. ‘एवढी शेवटची’ असं मी रोज म्हणते. शेवटच्या पोळीला अंत नसतो. ती टाकून होईतो ह्यांचा ताकभात आलेला असतो, आणि मी बसते तेव्हा हे हात धुवायला उठतात. मग आपलं खरकटं ताट उचलून, ओटा पुसून, माझ्या सोबतीला म्हणून पुन्हा येऊन बसतात. सोबत खरी, पण एकाचं जेवण झालेलं. माझ्या आईच्या पिढीत तर पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग उरलेल्या आमटीत पाणी घालून बायकांची. तेव्हा ‘एकत्र जेवलो’ याचा अर्थ एकाच दिवशी जेवलो इतकाच होता.

बाहेरच्या जेवणाचा आपल्याकडचा इतिहासही पाहिला तर त्यात जोडपं सापडत नाही. मुंबईतल्या खानावळी झाल्या त्या बायको गावी ठेवून आलेल्या एकट्या पुरुषांसाठी. गिरणगावातल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका दहा बाय दहाच्या खोलीत पहाटेपासून राबत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांनाच एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळीत बाई होती, पण चुलीपाशी. इराण्याच्या हॉटेलात बायकांना प्रवेश होता, तो आडोशाच्या ‘फॅमिली रूम’मध्ये. लाकडी फळ्यांचा तो खण, त्याला झुलती दारं, आत चार माणसांचं टेबल. बायको बरोबर असणं हा जणू झाकून ठेवायचा प्रकार होता. उडप्याने त्याचा वरचा मजला केला, थंड हवा सोडली, आणि खालच्यापेक्षा दर वाढवले. आजचं हे हॉटेल त्याच जिन्याची पुढची पायरी आहे. बाई आता आडोशाआड नाही. भर दिवाणखान्यात बसली आहे आणि तिला विचारतात, ‘मॅम, मसाला ठीक आहे ना?’ घरी हा प्रश्न मी विचारते.

पहिली दहा मिनिटं आम्ही घरचंच बोललो. गॅस बंद केला का, वरच्यांच्या गळतीचं सोसायटीत पुढे काय झालं, उद्या दूध जास्त घ्यायचं का. मग विषय संपले. घरी विषय संपले की मी उठून स्वयंपाकघरात जाते, हे बातम्या लावतात. तिथे उठून जाणार कुठे? शेजारच्या टेबलावरचं तरुण जोडपं प्रत्येक पदार्थाचे वरून, कडेने फोटो काढत होतं आणि मग न बोलता ते फोटो कुणाला तरी पाठवत होतं. त्यांच्याकडे बघून झालं. छताच्या पाईपांकडे बघून झालं. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. या मंद दिव्यांत आम्ही खरंच बरे दिसत होतो.

नाचणीचा तुकडा चावता चावता हे अचानक म्हणाले, ‘चिपळूणला होतो ना मी सुरुवातीला.’ चिपळूणची पहिली नेमणूक मला ठाऊक होती. पुढचं नव्हतं. तिथे एक बाई खानावळ चालवायची. महिन्याच्या पैशांत दोन वेळा जेवण, वेळेला तीन भाकऱ्या ठरलेल्या. हे खात्यात नवे, उत्साही. भाकऱ्यांचा आकार रोज वेगळा येतो, असं ह्यांनी बाईंना एकदा नियमावर बोट ठेवून ऐकवलं. बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ह्यांच्या पानात चौथी भाकरी यायला लागली. महिनाअखेरीला ह्यांनी जादा पैसे पुढे केले तर म्हणाल्या, ‘साहेब, माप तीनचंच आहे. चौथी मापात धरू नका.’

‘कधी बोलला नाहीत,’ मी म्हटलं.

‘तू कधी बसलीस कुठे?’

यावर मला उत्तर सुचलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस आता नवीन काही सांगणार नाही अशी आपली समजूत होते. सांगण्यासारखं बरंच शिल्लक असतं. ते पोळ्या लाटताना, पाठमोऱ्या माणसाला, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून सांगता येत नाही, एवढंच.

गोड मागवू की नको यावर नेहमीप्रमाणे ‘तू म्हणशील तसं’, ‘नाही, तुम्ही सांगा’ असं झालं आणि दोन चमचे, एक बशी असा तोडगा निघाला. हे जेवायच्या वेळी अर्ध्याची वाटणी इतकी काटेकोर करतात की रेघ मारल्यासारखी. त्या रात्री बशी माझ्याकडे सरकवली आणि बिलाची वाट बघत बसले. तपासणीसाला खरी भूक त्याचीच असते.

बिल लाकडी पेटीतून आलं. वर दोन बडीशेपेच्या गोळ्या, म्हणजे धक्का थोडा गोड व्हावा. ह्यांनी चष्मा पुसला. जीएसटी पाच टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. ‘बरोबर.’ जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा थंड हवेच्या हॉटेलांत अठरा टक्के होता, त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून पाचवर आला, ही माहिती त्या मुलाने न विचारता त्याला मिळाली. मग बोट एका ओळीवर थांबलं. सेवा शुल्क, दहा टक्के.

हे शुल्क देणं न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे आणि हॉटेलने ते बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. हॉटेलवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या. हे सगळं ह्यांना तारखांसकट पाठ. पाण्याच्या बाटलीवर हरलेल्या लढाईची ही भरपाई होती. हे ताठ बसले, घसा खाकरला, व्यवस्थापकाला बोलावलं आणि ‘हे शुल्क...’ एवढंच म्हणाले. ‘शुअर सर, काढून टाकतो,’ म्हणत तो बिल घेऊन गेलासुद्धा. पुढचं भाषण ह्यांच्या तोंडातच राहिलं. इतका पडलेला चेहरा मी निवृत्तीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

नवीन बिल चुकतं केलं. मग उठताना ह्यांनी त्या मुलाला जवळ बोलावलं आणि त्याच्या हातात काही नोटा ठेवल्या. मी अंदाज केला. काढून टाकलेल्या शुल्कापेक्षा थोड्या जास्तच होत्या. ‘हे मापात नाही,’ मुलाला हे म्हणाले. त्याला अर्थातच कळलं नाही.

रिक्षात बसल्यावर हे मीटरकडे बघत होते आणि मी मनात हिशोब करत होते. तेवढ्या पैशांत आमच्या घरी दोन आठवड्यांचा भाजीपाला आणि किराणा आला असता. पदार्थ वाईट नव्हते, पण त्या किमतीचे तर नव्हतेच. नाचणी ह्यांच्या आईच्या हातची यापेक्षा चांगली होती, असं ज्यांनी ती नाइलाजाने खाल्ली तेच म्हणाले. तरीही महाग पडलं असं मला वाटलं नाही. त्या आकड्यात दोन तासांचं एक टेबल होतं, समोरासमोरच्या दोन खुर्च्या होत्या, उठून जाण्याची बंदी होती आणि गरम जेवण दोघांसमोर एकदम आलं होतं. चौथ्या भाकरीची गोष्ट तर बिलात धरलीच नव्हती.

ज्यांना परवडतं त्यांनी अधूनमधून अशा ठिकाणी जरूर जावं. बिल नीट वाचावं, सेवा शुल्क ऐच्छिक आहे हे लक्षात ठेवावं आणि वाढणाऱ्या मुलाच्या हातात आपल्या मर्जीने काही ठेवावं. ज्यांना परवडत नाही, किंवा ज्यांच्या घरी अजून मंजुरी लागते, त्यांनी घरीच एक करून बघावं. सगळ्या पोळ्या होऊ द्याव्यात, अगदी शेवटचीसुद्धा. गॅस बंद करावा, टीव्ही बंद करावा आणि मगच दोघांनी एकदम पानावर बसावं. पोळ्या थोड्या गार होतील. पण दोघांच्याही सारख्याच होतील.